गोल दिसते म्हणून चेंडू नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दीर्घिकांची ओळख करून देणाऱ्या लेखांत आणि पाठ्यपुस्तकांत एक वाक्य हमखास सापडते: सर्पिल दीर्घिकांना तबकडी असते, लंबवर्तुळाकार दीर्घिकांना नसते, त्या म्हणजे जुन्या ताऱ्यांचे नुसते गोळे. यातला पूर्वार्ध ठीक आहे, उत्तरार्धात मात्र दुरुस्ती हवी आणि ती किरकोळ नाही. ‘अ‍ॅटलास-थ्रीडी’ सर्वेक्षणात ४२ मेगापार्सेकच्या (सुमारे १३.७ कोटी प्रकाशवर्षांच्या) आतल्या, सर्पिल बाहू नसलेल्या २६० दीर्घिका तपासल्या गेल्या. त्यांतल्या ६८ दीर्घिका छायाचित्रावरून ‘लंबवर्तुळाकार’ ठरलेल्या होत्या. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दीर्घिकांतले तारे तबकडीतल्यासारखे शिस्तीत एका दिशेने फिरतात, असे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ‘तबकडी नसते’ हे विधान या गटातल्या बहुसंख्य दीर्घिकांना लागूच पडत नाही.

दुसरीकडे, सार्वजनिक सर्वेक्षणांची छायाचित्रे घेऊन त्यांवर संगणकी प्रक्रिया करणाऱ्या हौशी मंडळींची चित्रेही हल्ली फिरतात. मधोमध एक लख्ख पट्टा आणि खाली ओळ: ‘लपलेली तबकडी सापडली’. त्यांतल्या बऱ्याच तबकड्या दीर्घिकेत नसतात, प्रक्रियेतून निघालेल्या असतात. या दोन्ही गैरसमजांचे मूळ एकच आहे. छायाचित्र काय सांगू शकते आणि काय सांगूच शकत नाही, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो इथे मांडतो.

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ मध्ये लंबवर्तुळाकार दीर्घिकांसाठी दिलेली ई-० ते ई-७ ही वर्गवारी सर्वांना ठाऊक आहे. आखूड अक्षाला लांब अक्षाने भागायचे, आलेले गुणोत्तर १ मधून वजा करायचे आणि दहाने गुणायचे. गुणोत्तर ०.७ असेल तर ई-३. हा आकडा आकाशावर पडलेल्या प्रतिमेचा आहे, दीर्घिकेचा नव्हे. जेवणाचे ताट वरून पाहिले तर गोल दिसते आणि कडेने पाहिले तर रेघ. दीर्घिका आपल्याला हातात धरून फिरवता येत नाही, एवढाच फरक.

आता एक साधे गणित. एक पातळ तबकडी घ्या, जाडी व्यासाच्या ०.२ पट. तिच्याभोवती ताऱ्यांचा एक फुगीर गोळा घ्या, चपटेपणाचे गुणोत्तर ०.६. दीर्घिका किती अंशांनी कललेली आहे तो कोन समोरून पाहिल्यास ०, कडेवरून पाहिल्यास ९०. दिसणाऱ्या गुणोत्तराचा वर्ग काढायला कोनाच्या कोज्येचा (कोसाइनचा) वर्ग घ्यायचा आणि त्यात खऱ्या गुणोत्तराचा वर्ग गुणिले ज्येचा (साइनचा) वर्ग मिळवायचा. ९० अंशांना तबकडी ०.२ आणि गोळा ०.६ दिसतो, दोघांत घोटाळा होणे शक्य नाही. ६० अंशांना तबकडी ०.५३ आणि गोळा ०.७२ दिसतो, फरक अजून बरा आहे. ३० अंशांना मात्र तबकडी ०.८७ आणि गोळा ०.९२! एकात एक बसवलेली ही दोन लंबवर्तुळे इतकी सारखी आहेत, की त्यांची बेरीज पाहून आत दोन वेगळे घटक आहेत असे म्हणायला काही आधारच उरत नाही. आणि कोन कसेही, कुठल्याही दिशेने पडत असतील, तर निम्म्या दीर्घिका ६० अंशांच्या आत आणि सुमारे १३ टक्के ३० अंशांच्याही आत येतात. हान्स-वॉल्टर रिक्स आणि सायमन व्हाइट यांनी १९९० मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. ज्या दीर्घिकांत तबकडी दिसते त्यांची संख्या पाहता, तशाच पण समोरून दिसणाऱ्या आणि म्हणून न ओळखता येणाऱ्या कितीतरी असल्याच पाहिजेत.

यावर ‘मग अधिक चांगला कॅमेरा वापरा’ हे उत्तर चालत नाही. जॉर्ज रायबिकी यांनी १९८७ मध्ये दाखवले, की दीर्घिका नेमकी कडेवरून दिसत नसेल, तर सपाट प्रतिमेवरून तिची त्रिमितीय घनता एकमेव अशी काढताच येत नाही. १९९६ मध्ये गेरहार्ड आणि बिनी यांनी याचे ठोस नमुने रचून दाखवले. एखाद्या दीर्घिकेत तबकडीसारखी ठराविक घनता मिळवली किंवा त्यातून काढून घेतली, तरी कललेल्या अवस्थेतल्या चित्रात तसूभर फरक पडत नाही. दुर्बीण कितीही मोठी असो, ही माहिती त्या चित्रात मुळातच नाही.

तरीही जिथे कोन अनुकूल आहे तिथे छायाचित्र उत्तम काम करते. ती रीत बारकाईने सांगण्यासारखी आहे, कारण चुका तिथेच होतात.

नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात तशा प्रतिमेत समान तेजाच्या रेषा काढायच्या. गोळ्याच्या रेषा शुद्ध लंबवर्तुळ असतात. आत कडेवरून दिसणारी तबकडी असेल तर लांब अक्षाच्या दोन्ही टोकांना जादा प्रकाश पडतो आणि रेषा टोकांशी निमुळती होते, लिंबासारखी. उलट काही दीर्घिकांत रेषा कोपऱ्यांकडे फुगते आणि पेटीसारखी होते. हा फरक मोजायला लंबवर्तुळापासूनचे विचलन कोनाच्या चौपटीच्या कोज्येत मांडतात. त्या पदाचा गुणक धन आला तर तबकडीकडे कल, ऋण आला तर पेटीकडे. राल्फ बेंडर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच गुणकावर डझनावारी दीर्घिका मोजून ही पद्धत रुळवली.

हा गुणक किती लहान असतो याची कल्पना आकड्यांशिवाय येत नाही. ठसठशीत उदाहरणांतही विचलन लांब अर्ध-अक्षाच्या १-२ टक्के असते. अर्ध-अक्ष २० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असेल तर १ टक्का म्हणजे ०.२ विकला. स्लोन या सार्वजनिक आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमेत एक पिक्सेल ०.३९६ विकलांचा आहे, म्हणजे आपण अर्धा पिक्सेल सरकलेली रेषा शोधत आहोत, तीही पृथ्वीच्या वातावरणाने विकलाभर पसरवलेल्या प्रकाशात. ते जमते याचे कारण त्या एका रेषेवर अडीचशेहून अधिक पिक्सेल असतात आणि सगळे मिळून साक्ष देतात. पण त्यांतले दहा पिक्सेल जरी एखाद्या अंधुक ताऱ्याने व्यापले असतील तर साक्ष बिघडते. म्हणून पहिले काम म्हणजे पुढे आलेले तारे, मागच्या छोट्या दीर्घिका, शेजारणीचा प्रकाश, सगळे झाकून टाकणे, आणि झाकताना कंजुषी न करणे.

प्रतिमा लालसर रंगपट्ट्यातली घ्यावी, आर किंवा आय (ही रंगगाळण्यांची नावे), जमल्यास जवळच्या अवरक्तातली. निळ्या पट्ट्यात धूळ घात करते. लांब अक्षावर धुळीची पट्टी पडली तर खरी तबकडीसुद्धा पेटीसारखी दिसू शकते, कारण टोकांचा जादा प्रकाशच गिळला जातो. जी आणि आय या दोन पट्ट्यांच्या प्रतिमा एकमेकींना भागून रंगाचा नकाशा काढला की धूळ लगेच उघडी पडते. शिवाय धुळीची तबकडी म्हणजे ताऱ्यांची तबकडी नव्हे. एनजीसी ४२६१ च्या गाभ्यात हबल दुर्बिणीने टिपलेले धुळीचे कडे प्रसिद्ध आहे, पण त्यावरून तिथले तारे तबकडीत फिरतात असे म्हणता येत नाही.

त्यानंतर केंद्रापासून बाहेर, दर पावलाला त्रिज्या १० टक्क्यांनी वाढवत लंबवर्तुळे बसवायची. वातावरणाने पसरवलेल्या ताऱ्याच्या प्रतिमेची रुंदी मोजून घ्यावी आणि तिच्या दुपटीच्या आतले आकडे सरळ टाकून द्यावेत. तिथे सगळ्याच दीर्घिका गोल दिसतात. प्रत्येक पावलाला तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: चपटेपणा, लांब अक्षाची दिशा आणि तो चौथ्या क्रमाचा गुणक. ज्या त्रिज्येवर चपटेपणा वाढतो त्याच त्रिज्येवर गुणक धन होतो आणि दिशा जागची हलत नाही, असे तिन्ही एकदम घडले तर तबकडीचा दावा उभा राहतो. एकट्या गुणकावर तो उभा राहत नाही. दिशा वळत असेल तर आधी मधल्या दांड्याचा, म्हणजे केंद्रातून आरपार गेलेल्या ताऱ्यांच्या लांबट पट्ट्याचा, संशय घ्यावा. गुणकाचे चिन्ह कोणत्या संगणक-प्रणालीत कसे छापले जाते याबद्दल कागदपत्रांवर विसंबू नये. स्वतः एक कृत्रिम दीर्घिका बनवावी, तिच्यात तबकडी घालावी आणि गुणक धन येतो की ऋण ते पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे, पण ते न केल्याने उलटे निष्कर्ष निघालेले पाहायला मिळतात.

खूप चपट्या दीर्घिकांत आणखी एक मेख आहे. नेहमीची रीत विचलन ध्रुवीय कोनात मोजते, आणि लंबवर्तुळ लांबोडके झाले की समान कोनांचे तुकडे रेषेवर समान पडत नाहीत. मग विचलन अर्धवट पकडले जाते आणि उरलेल्या चित्रात नसते ते आकार उमटतात. बोग्दान चांबुर यांनी २०१५ मध्ये ध्रुवीय कोनाऐवजी लंबवर्तुळाच्या स्वतःच्या कोनात मोजणारी सुधारित पद्धत दिली. कडेवरून दिसणाऱ्या दीर्घिकांसाठी तीच वापरावी.

आता त्या फिरणाऱ्या लख्ख पट्ट्यांकडे वळू. त्यांच्यामागे बहुधा दोनपैकी एक रीत असते. पहिली, प्रतिमा धूसर करून मूळ प्रतिमेला तिने भागणे. डेव्हिड मॅलिन यांनी छायाचित्राच्या काचांवर हीच युक्ती वापरून लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची अतिशय फिकट कवचे उजेडात आणली, तेव्हा रीत वाईट नाही. पण धूसर करताना बहुतेक जण गोल साचा वापरतात. दीर्घिका चपटी आणि साचा गोल, म्हणजे आखूड अक्षाच्या दिशेने प्रकाश जास्त पसरतो, लांब अक्षाच्या दिशेने कमी. भागाकार केला की लांब अक्षावर पट्टा उमटणारच, आत तबकडी असो वा नसो. उपाय सोपा आहे: साचा दीर्घिकेइतकाच चपटा आणि त्याच दिशेने वळवलेला घ्यावा. कन्या या दीर्घिकासमूहातल्या ४७६ खुज्या दीर्घिका तपासताना थॉर्स्टेन लिस्कर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच पथ्य पाळले. त्यांना ४१ दीर्घिकांत तबकडीच्या खुणा मिळाल्या, म्हणजे सर्पिल बाहू, दांडे, कडेवरून दिसणाऱ्या तबकड्या. त्याच समूहातल्या आयसी ३३२८ या खुज्या दीर्घिकेतले दोन नाजूक सर्पिल बाहू २००० मध्येच सापडले होते. एकूण प्रकाशाच्या तुलनेत ते अवघे काही टक्के आहेत. साधे छायाचित्र पाहून त्या दीर्घिकेला ‘वैशिष्ट्यहीन’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरी रीत म्हणजे लंबवर्तुळांचे प्रतिरूप बनवून मूळ चित्रातून वजा करणे आणि उरलेले पाहणे. इथे दोन्हीकडून फसगत होते. प्रत्येक त्रिज्येला चपटेपणा आणि दिशा मोकळी सोडली तर प्रतिरूप तबकडीचा बराचसा प्रकाश स्वतःच पोटात घेते. उरलेले चित्र स्वच्छ येते आणि आपण ‘तबकडी नाही’ म्हणून मोकळे होतो. उलट चपटेपणा सगळीकडे एकच बांधून टाकला तर प्रत्येक खऱ्या दीर्घिकेत चार पाकळ्यांचे फूल उमटते आणि आपण ‘तबकडी आहे’ म्हणतो. स्कोर्झा आणि बेंडर यांची रीत मला जास्त प्रामाणिक वाटते. एक पातळ तबकडी गृहीत धरायची, तिची लांबी-रुंदी आणि तेज बदलत बदलत ती दीर्घिकेतून वजा करायची, आणि उरलेल्या गोळ्याच्या रेषा शुद्ध लंबवर्तुळ होतील तिथे थांबायचे. या रीतीत निदान आपण काय गृहीत धरले ते समोर राहते.

तेजाच्या घसरणीचा आलेख दोन सूत्रांनी जुळवणे ही तिसरी वाट. तिच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. गोळ्यासाठी सेर्सिकचे सूत्र (केंद्रापासून तेज कसे घटते ते सांगणारे) आणि बाहेर तबकडीसाठी घातांकी घसरण. दोन घटकांची जुळणी एका घटकापेक्षा नेहमीच सरस येणार, चलपदे जास्त आहेत. प्रश्न असा की तो दुसरा घटक तबकडीच आहे कशावरून? बाहेरचे फिकट आवरणही घातांकी दिसू शकते. आणि आकाशाची पार्श्वभूमी थोडी चुकली तरी तसेच दिसते. आकाश दर चौरस विकलेला २१.५ प्रतीचे (प्रत हे तेजाचे माप, आकडा मोठा तितका प्रकाश फिकट) असेल तर पार्श्वभूमीतली १ टक्का चूक म्हणजे २६.५ प्रतीचा प्रकाश. पाच प्रती म्हणजे शंभर पट, हिशेब सरळ आहे. दीर्घिकेची बाहेरची कड नेमकी त्याच पातळीवर असते. पार्श्वभूमी जास्त वजा झाली की कड एकदम तुटते, कमी वजा झाली की काल्पनिक तबकडी पसरते. शिवाय प्रत्येक तबकडी टोकापर्यंत जाते असेही नाही. मार्था लिलर यांनी १९६६ मध्येच अशा मधल्या प्रकाराची नोंद केली होती. त्यात तबकडी मध्यावरच संपते, चपटेपणा आधी वाढतो आणि बाहेर पुन्हा कमी होतो. अशा दीर्घिकेवर टोकापर्यंतची तबकडी लादली तर गोळ्याचे वस्तुमान चुकते आणि त्यावर उभी केलेली पुढची सगळी गणिते चुकतात. एनजीसी १२७७ चे उदाहरण बोलके आहे. २०१२ मध्ये तिच्या कृष्णविवराला १७ अब्ज सूर्यांचे वस्तुमान देण्यात आले आणि ते मधल्या फुगवट्याच्या ५९ टक्के आहे असे जाहीर झाले. अधिक तीक्ष्ण निरीक्षणांनंतर २०१६ मध्ये तेच वस्तुमान ४.९ अब्जांवर आले. टक्केवारीचे तर विचारूच नका, फुगवटा कुठे संपतो आणि तबकडी कुठे सुरू होते यावर ती झुलत राहते.

म्हणून अखेर वर्णपटाकडे जावेच लागते. मूळ गणितात परत या. ३० अंश कललेली तबकडी चित्रात गायब झाली होती. तिच्यातले तारे सेकंदाला २०० किलोमीटरने फिरत असतील, तर आपल्या दिशेचा वेग २०० गुणिले ३० अंशांची ज्या, म्हणजे १००. अर्धा वेग शिल्लक आहे! अगदी १० अंशांवरही ३५ किलोमीटर उरतात. तबकडी समोरून पाहू लागलो की आकाराची खूण वेगाची खूण संपण्याच्या कितीतरी आधी संपते.

मोजायचे कसे? तारा आपल्याकडे येतो किंवा दूर जातो तेव्हा त्याच्या वर्णपटातल्या काळ्या शोषणरेषा सरकतात. मॅग्नेशियमच्या ५१६७, ५१७३ आणि ५१८४ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) इतक्या तरंगलांबीच्या तीन शोषणरेषा या कामाच्या हक्काच्या रेषा. तिथे सेकंदाला १०० किलोमीटर म्हणजे १.७ अँगस्ट्रॉमचे सरकणे. ज्या रेषेचे सरकणे पाहायचे तीच मात्र ताऱ्यांच्या स्वैर वेगांनी फिसकटलेली असते. हा पसारा २०० किलोमीटरचा असेल तर ३.४ अँगस्ट्रॉम. तेव्हा एकेका रेषेवर बोट ठेवून भागत नाही. खऱ्या ताऱ्यांच्या वर्णपटांचे मिश्रण करायचे, ते सरकवायचे, पसरायचे आणि दीर्घिकेच्या अख्ख्या वर्णपटाशी जुळवायचे. यासाठी ९८५ ताऱ्यांचा ‘माइल्स’ संग्रह बराच वापरात आहे.

जुन्या पद्धतीत लांब अक्षावर एक फट ठेवून एकाच रेषेवरचे वेग मिळत. १९७५ मध्ये बेर्तोला आणि कापाचोली यांनी एनजीसी ४६९७ चा वेग असाच मोजला आणि ही चपटी, ई-६ दीर्घिका अपेक्षेपेक्षा फारच हळू फिरते असे आढळले. तिथून ‘लंबवर्तुळाकार दीर्घिका फिरण्यामुळे चपट्या नसतात’ हा विचार पुढे आला. गंमत अशी की पुढच्या काळात त्याच एनजीसी ४६९७ मध्ये ताऱ्यांची तबकडी सापडली आणि आज ती वेगाने फिरणाऱ्यांच्या यादीत आहे.

फटीच्या जागी आता पूर्ण क्षेत्राचे वर्णपटमापक आले आहेत. ला पाल्मा बेटावरच्या ४.२ मीटर विल्यम हर्शेल दुर्बिणीवरचा ‘सॉरॉन’ एका खेपेत ३३ बाय ४१ विकलांचे क्षेत्र घेई. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवरचा ‘म्यूझ’ २०१४ पासून एक कला (६० विकला) बाय एक कला क्षेत्र ०.२ विकलांच्या बारकाईने घेतो. यातून प्रत्येक ठिपक्याचा वेग मिळतो. मग दोन राशींची तुलना करायची: शिस्तीत फिरण्याचा वेग आणि स्वैर वेगांचा पसारा. दोन्हींची त्रिज्येने भारित सरासरी काढून ‘लॅम्डा’ नावाचा एक आकडा बनवतात. तो ०.३१ गुणिले चपटेपणाचे वर्गमूळ यापेक्षा जास्त आला तर दीर्घिका वेगाने फिरणारी. चपटेपणा (१ वजा अक्षांचे गुणोत्तर) ०.३ असेल तर ही सीमारेषा ०.१७ वर येते. २६० पैकी ८६ टक्के दीर्घिका या रेषेच्या वर आहेत. खाली उरतात त्या मुख्यतः एम-८७ आणि एम-४९ सारख्या महाकाय. त्या खरोखरच गोळे आहेत, तिथे जुने वाक्य चालेल.

वेगाचा नकाशा फिरणे दाखवतो, पण फिरणारा गोळा आणि गोळ्यातली तबकडी यांत फरक करायला आणखी एक पायरी उतरावी लागते. दीर्घिकेची जी बाजू आपल्यापासून दूर जाते तिथे तबकडीतले तारे रेषेच्या लाल कडेला दाटीने जमतात आणि गोळ्यातले तारे मध्याभोवती ऐसपैस पसरतात. दोघांची बेरीज एका बाजूला कड्यासारखी उभी आणि दुसऱ्या बाजूला लांब उतरती होते. विरुद्ध बाजूला हेच आरशातल्यासारखे उलटे. या तिरपेपणाला तिसऱ्या क्रमाचा गुणक म्हणतात. तो वेगाच्या उलट चिन्हाचा असला तर आत तबकडी आहे, याहून बोलकी खूण दुसरी नाही. दांडा असेल तर चिन्ह वेगाच्या बाजूचे होऊ शकते, तेही ध्यानात ठेवावे.

हा गुणक ०.१ च्या आसपासचा असतो आणि त्याला प्रकाश भरपूर लागतो. नुसत्या वेगाला संकेत-गोंगाट गुणोत्तर (खरा संकेत गोंगाटाच्या किती पट आहे ते) २० पुरते, तिरपेपणाला निदान ४० हवे, म्हणजे चौपट प्रकाश. बाहेरच्या अंधुक भागात शेजारचे ठिपके एकत्र करून तो जमवतात, पण जास्त एकत्र केले की वेगाचा चढउतारच त्या गठ्ठ्यात मिसळून जातो. उपकरणाचीही मर्यादा असते. सॉरॉनची स्वतःची पसरण सुमारे १०५ किलोमीटर होती. तबकडीचा पसारा ५० किलोमीटरचा असेल तर रेषेचा आकार उपकरणातच विरघळून जातो. निकाल खरा की खोटा हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. तिरपेपणा दोन बाजूंना समान आणि उलट चिन्हांचा हवा, आणि केंद्रात शून्य. केंद्रातच तो ०.०५ वगैरे येत असेल तर ताऱ्यांचे मिश्रण चुकले आहे किंवा आकाशाच्या रेषा नीट वजा झालेल्या नाहीत. तबकडीची बातमी तेव्हा आवरती घ्यावी.

वेगही फसवतो, पण क्वचित. एनजीसी ४५५० मध्ये दोन तबकड्या एकमेकींविरुद्ध फिरतात, प्रकाश जवळपास सारखा. बेरजेत वेग शून्याकडे जातो आणि तबकड्यांनी भरलेली दीर्घिका संथ भासते. तिथे वेगाचा नकाशा बाजूला ठेवून पसाऱ्याचा नकाशा पाहावा. केंद्राच्या दोन्ही अंगांना, लांब अक्षावर, पसाऱ्याची दोन शिखरे दिसतात. २६० पैकी अशा ११ निघाल्या.

अगदी मध्याशी असलेल्या चिमुकल्या तबकड्यांचा प्रश्न वेगळा आहे. कन्या समूहाच्या अंतरावर, सुमारे १६.५ मेगापार्सेकवर, एक विकला म्हणजे ८० पार्सेक. गाभ्यातली तबकडी अनेकदा एवढीच असते आणि जमिनीवरून ती वातावरणाच्या थरथरीत बुडते. तिथे अवकाशातली दुर्बीण किंवा वातावरणाची थरथर सुधारून घेणारी यंत्रणा लागते.

या सगळ्याचा कस पाहायचा तर सिंह राशीतली एम-१०५, म्हणजे एनजीसी ३३७९ घ्यावी. दिसायला जवळजवळ गोल, ई-१. तेजाच्या घसरणीच्या द व्होकुलर यांच्या सूत्राचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे तिचेच नाव घेतले गेले. १९९० च्या सुमारास कापाचोली आणि सहकाऱ्यांनी शंका काढली, की ही दीर्घिका म्हणजे समोरून पाहिलेली मसुराकार, तबकडीवाली दीर्घिका तर नसेल? कडेवरून दिसणारी एनजीसी ३११५ वळवून समोर आणली तर ती साधारण अशीच दिसेल. छायाचित्रावरून हा वाद मिटण्यासारखा नव्हता. वेगांच्या नकाशात मात्र एम-१०५ स्पष्टपणे वेगाने फिरणाऱ्यांत जाऊन बसते. तबकडी किती आणि गोळा किती, हा वाटा मात्र अजूनही कोनाच्या अंदाजावर अवलंबून आहे.

तेव्हा संपादक महाशय, दीर्घिकांच्या वर्गवारीचा हबल यांचा तो दुबेळक्याच्या आकाराचा तक्ता पुढच्या वेळी छापाल तेव्हा डाव्या दांड्याखाली ‘तबकडी नसलेल्या’ असे लिहू नये. ‘बाहू न दिसणाऱ्या, आकाशावरच्या चपटेपणाने क्रमांक दिलेल्या’ एवढे पुरे. आणि लपलेल्या तबकडीचे चित्र वाचकांकडून आले, तर ते छापण्यापूर्वी त्याच चपटेपणाच्या, तबकडी नसलेल्या कृत्रिम दीर्घिकेवर तीच प्रक्रिया करून आलेले चित्रही शेजारी मागावे. दोन्हींत पट्टा सारखाच असेल तर ते चित्र साभार परत करता येईल.

कळावे,
आपला,
खगोलशास्त्राचा एक अभ्यासक वाचक